इंजिनाच्या पाण्यात अडकलेली हवा : ती ओळखण्याची व घरच्या घरी काढण्याची रीत

विहिरीवरचा पंप हवा धरतो तेव्हा इंजिन कितीही जोराने चालले तरी पाटात पाण्याचा थेंब पडत नाही, हा अनुभव प्रत्येक बागायतदारास आहे. फुटव्हॉल्व्ह नीट बसला नाही किंवा ओढीच्या नळीचा सांधा सैल झाला की नळीत हवा शिरते. पंपाचा पंखा त्या हवेतच फिरत राहतो आणि पाणी वर चढत नाही. नळीत पाणी भरून हवा काढून दिली की तोच पंप पूर्ववत् पाणी देऊ लागतो. हे काम शेतकरी स्वतःच्या हाताने करतो. त्यासाठी तो कारागिराची वाट पाहत नाही.

असाच प्रकार ट्रॅक्टर, जीप, टेंपो, पिकअप इत्यादी वाहनांच्या रेडिएटरमध्ये व इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत घडतो. फरक इतकाच की, पंपाने हवा धरली तर पाणी पडत नाही एवढेच नुकसान होते. इंजिनाच्या पाण्यात हवा अडकली तर इंजिनच तापून निकामी होण्याचा संभव असतो. शिवाय ही हवा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती कशी शिरते, कशी ओळखावी आणि कशी काढावी, याची माहिती वाहन बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे.

दापोडीचा परिसर आणि आपली वाहने

पुणे-मुंबई मार्गावर, मुळा व पवना या नद्यांच्या संगमाजवळ दापोडी आहे. राज्यात एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास गेली. त्या एस. टी. ची एक मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीस आहे. शेजारच्या खडकीस १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना स्थापन झाला आणि त्याची पाण्याची इंजिने महाराष्ट्रातील विहिरी-विहिरींवर जाऊन बसली. पुढे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व चाकण या पट्ट्यात मोटारी, मालट्रक व टेंपो यांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. इंजिनाच्या विद्येचे असे माहेरघर या भागात आहे.

परंतु याच भागाच्या सभोवतालचा खेड, मावळ, जुन्नर व मुळशी तालुक्यांतील शेतकरी कार्यशाळेच्या दारात राहत नाही. चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा घेऊन येणारा किंवा मुंबईकडे भाजीपाला पोहोचवून खोपोलीहून बोरघाट चढून परतणारा शेतकरी वाटेत एकटाच असतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात खोल नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरचेही तसेच आहे. घाटाचा चढ आणि नांगराची ओढ ही इंजिनाची खरी परीक्षा होय. त्या वेळी रेडिएटरच्या पाण्यात दोन-चार तांबे हवा अडकलेली असेल तर इंजिन दगा देते. हंगामाचे दिवस वाया जातात, नाशवंत माल गाडीतच खराब होतो आणि दुरुस्तीचा खर्च वेगळाच होतो.

इंजिनास पाणी कशासाठी लागते

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी साधारणपणे एक तृतीयांश भागच चाके किंवा नांगर ओढण्याच्या कामी येतो. तितकीच उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेल्या उष्णतेपैकी बहुतेक भाग सिलिंडरच्या भोवती फिरणाऱ्या पाण्यास वाहून न्यावा लागतो. हे प्रमाण किती मोठे आहे ते एका उदाहरणावरून ध्यानात येईल. एक लिटर डिझेल जळले असता पाण्याकडे येणाऱ्या उष्णतेने सुमारे ३० लिटर थंड पाणी उकळीस येऊ शकेल. एवढी उष्णता क्षणोक्षणी रेडिएटरकडे नेऊन वाऱ्यावर सोडून देणे, हे इंजिनातील पाण्याचे काम आहे.

पाण्याचा प्रवास असा होतो. रेडिएटरच्या तळाशी असलेल्या जाड रबरी नळीतून थंड पाणी पाण्याच्या पंपाकडे येते. पंप ते सिलिंडरच्या भोवतालच्या पोकळीत व तेथून वर सिलिंडर हेडमध्ये ढकलतो. हेडमधून तापलेले पाणी थर्मोस्टॅट नावाच्या झडपेपाशी येते. इंजिन थंड असताना ही झडप मिटलेली असते, त्यामुळे पाणी इंजिनातच फिरते व इंजिन लवकर ऊन होते. पाण्याचे उष्णतामान साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान गेले की झडप आपोआप उघडते. मग ऊन पाणी वरच्या नळीने रेडिएटरच्या माथ्यावर येते व बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने निवते.

रेडिएटरचे झाकण हे केवळ भांड्याचे झाकण नव्हे. त्यात दोन लहान झडपा असतात. एक झडप आतील पाण्यावर दाब राखते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणावर ०.९ हा आकडा असेल, तर तेच पाणी झाकणाखाली सुमारे ११७ अंशांपर्यंत उकळत नाही. घाटात इंजिनास जी सवड मिळते ती या दाबामुळेच. दुसरी झडप इंजिन निवत असताना उघडते. तापून फुगलेले पाणी बाजूच्या बाटलीत गेलेले असते. ते या झडपेतून परत रेडिएटरमध्ये ओढून घेतले जाते. ही गोष्ट वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण पुष्कळदा हवा याच वाटेने आत येते.

हवा कशी शिरते

(१) रेडिएटर, नळी, पंप किंवा थर्मोस्टॅट यांचे काम करून पाणी नव्याने भरले जाते, तेव्हा ते घाईने ओतल्यास आतील हवेस वर येण्यास वाट मिळत नाही. अरुंद तोंडाची घागर विहिरीत एकदम उपडी बुडविली असता ती जशी भरत नाही, तसेच हे आहे.

(२) बाजूची बाटली रिकामी राहिली, किंवा तिच्यातील बारीक नळी चिरली वा पाण्याच्या वर आली, तर इंजिन निवताना पाण्याऐवजी हवाच ओढली जाते. असे रोज थोडे थोडे होऊन आठवड्यात बरीच हवा साठते.

(३) रेडिएटरच्या खालच्या नळीचा पट्टा सैल असल्यास पंप तेथून हवा ओढतो. ही ओढीची बाजू असल्याने कित्येकदा तेथून पाणी गळताना दिसत नाही आणि दोष लपून राहतो.

(४) सिलिंडर हेडखालील गॅस्केट फुटले असेल, तर जळालेला वायू जोराने पाण्यात शिरतो. हा दोष सर्वांत गंभीर होय. त्याचा विचार पुढे केला आहे.

हवेमुळे काय बिघडते

उष्णता वाहून नेण्याच्या कामी पाणी व हवा यांची तुलनाच होऊ शकत नाही. उष्णता पाण्यातून जितक्या सुलभतेने जाते, त्याच्या सुमारे चोविसाव्या हिश्शानेच ती हवेतून जाते. तसेच एक लिटर पाण्याचे उष्णतामान एक अंशाने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्याने साडेतीन हजार लिटर हवा तितकीच तापते. म्हणजे हेडच्या ज्या कोपऱ्यात हवा बसली, तो कोपरा जवळजवळ कोरडाच राहिला, असे समजावे. तेथील धातू अतिशय तापतो, जवळचे पाणी उकळून वाफ होते आणि वाफेने पोकळी आणखी वाढते. परिणामी हेड वाकते किंवा त्यास तडा जातो आणि गॅस्केट उडते. ॲल्युमिनियमचे हेड बिडाच्या हेडपेक्षा लवकर वाकते, म्हणून नव्या धर्तीच्या हलक्या वाहनांत अधिक सावध राहावे.

दुसरा परिणाम पाण्याच्या पंपावर होतो. त्यात हवा गेली की विहिरीवरील पंपाप्रमाणेच त्याची पकड सुटते आणि पाण्याचे फिरणे मंदावते.

तिसरा परिणाम सर्वांत फसवा आहे. उष्णतामान दाखविणाऱ्या काट्याचे टोक पाण्यात बुडालेले असेल तरच काटा खरे बोलतो. ते टोक हवेत राहिले तर इंजिन उकळत असतानाही काटा खाली राहू शकतो. यास्तव केवळ काट्यावर विसंबून राहू नये.

ओळखण्याची लक्षणे

पुढील लक्षणांपैकी दोन-तीन एकत्र आढळली तर हवा अडकल्याचा संशय धरावा :

(१) काटा एकाएकी वर जातो, पुन्हा खाली येतो व पुन्हा वर जातो.

(२) इंजिन सुरू केल्यावर किंवा बंद केल्यावर डॅशबोर्डच्या मागे वा रेडिएटरमध्ये पाणी खळखळल्याचा आवाज येतो.

(३) गाडीत हीटर असल्यास तो कधी ऊन, तर कधी गार वारा देतो.

(४) इंजिन चांगले तापल्यावरही रेडिएटरची एक नळी अतिशय ऊन व दुसरी अगदी गार राहते. (नळ्यांची ही परीक्षा पंखा व पट्टा यांपासून हात दूर ठेवून, इंजिन बंद करून करावी.)

(५) बाटलीतील पाणी तापल्यावर पुष्कळ वर येते, पण निवल्यावर परत जात नाही.

(६) जेवढे पाणी काढले तेवढे परत मावत नाही. ही परीक्षा सर्वांत सोपी व खात्रीची आहे. समजा, रेडिएटर रिकामा करताना मापाने ८ लिटर पाणी निघाले आणि भरताना साडेसहा लिटरच बसले; तर उरलेल्या दीड लिटराच्या जागी हवा आहे, हे उघड आहे. म्हणून काढलेले पाणी नेहमी मापून ठेवण्याची सवय लावावी.

येथे एक खुलासा करणे इष्ट आहे. ‘इंजिनाने एअर घेतली’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा डिझेलच्या नळीतील हवा अभिप्रेत असते. त्या दोषात इंजिन अडखळते वा बंद पडते आणि फिल्टरवरील स्क्रू सैल करून, हातपंप मारून ती हवा काढतात. प्रस्तुत लेखातील हवा ही पाण्याच्या वाटेतील आहे. हिच्यामुळे इंजिन बंद पडत नाही. ते तापत राहते. दोहोंची गल्लत करू नये.

कामापूर्वीची दक्षता

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. झाकणाखालील पाणी शंभर अंशांहून अधिक तापलेले असते व केवळ दाबामुळे उकळत नाही. झाकण फिरविताच दाब जातो, ते पाणी एकदम उकळते आणि वाफेसह तोंडावर व छातीवर उसळते. या भाजण्याने डोळे गमावण्यापर्यंत प्रसंग येऊ शकतो. इंजिन बंद करून किमान दोन-तीन तास जाऊ द्यावेत. शक्यतो हे काम सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वीच करावे. त्यानंतरही जाड फडके झाकणावर ठेवून, तोंड बाजूस करून, झाकण प्रथम पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे व काही आवाज येत नाही अशी खात्री झाल्यावरच काढावे.

विजेचा पंखा असलेल्या गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा एकाएकी फिरू लागतो. लोंबणारे उपरणे, पदर, सैल बाही किंवा हातातील कडे यांबाबत सावध असावे. गाडीचे इंजिन बंद गोठ्यात वा शेडमध्ये चालवू नये. त्याचा धूर विषारी असतो.

विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. त्यातील क्षार हेडमध्ये व नळ्यांत बसतात व खपली धरतात. बॅटरीसाठी मिळते तसे ऊर्ध्वपातित पाणी व उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट योग्य प्रमाणात वापरावे. कूलंट गंज रोखते व पाण्याचा उकळबिंदू थोडा वाढविते. परंतु बहुतेक कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकोल हे विष आहे व त्याची चव गोड असते. त्यामुळे मुले, कुत्री व गुरे ते पिण्याचा धोका असतो. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नये आणि विहीर, ओढा किंवा गुरांचे हौद यांच्याजवळ ओतू नये. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर ते कधीही भरू नये.

हवा काढण्याची रीत

या कामास स्वच्छ नरसाळे, मापाचे भांडे, फडके, पाना, पेचकस आणि पुरेसे कूलंट मिसळलेले पाणी एवढेच साहित्य लागते.

(१) हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाते. म्हणून गाडी अशी उभी करावी की रेडिएटरचे तोंड इंजिनाच्या इतर भागांपेक्षा उंच राहील. पुढची चाके थोड्या चढावर घेतल्यास हे साधते. हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रल ठेवावा व मागच्या चाकांमागे दगड लावावेत.

(२) सर्व नळ्यांचे पट्टे तपासून घट्ट करावेत. चिरलेली किंवा फुगलेली नळी बदलून घ्यावी. हे न करता हवा काढणे म्हणजे फुटका बांध तसाच ठेवून शेतास पाणी देणे होय.

(३) हीटर असल्यास त्याची कळ सर्वांत ऊन बाजूस करावी. काही गाड्यांत त्याशिवाय हीटरच्या नळीतील पाण्याची वाट उघडत नाही व तेथील हवा तशीच राहते.

(४) रेडिएटरचे झाकण काढून पाणी बारीक धारेने घालावे. मधून मधून थांबावे व रेडिएटरची वरची जाड नळी हाताने दाबून सोडावी, पुन्हा दाबावी. बुडबुडे वर येतील व पाण्याची पातळी उतरेल. पातळी स्थिर होईपर्यंत असे करावे.

(५) पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा वरच्या नळीवर हवा काढण्याचा लहान स्क्रू असतो. तो कोठे आहे ते पुस्तिकेत पाहावे. पाणी भरताना तो थोडा सैल करावा. प्रथम फसफस होऊन हवा निघेल, मग पाण्यात मिसळलेले बुडबुडे येतील व शेवटी अखंड धार लागेल. धार लागताच स्क्रू बेताने आवळावा. तो पितळी वा प्लॅस्टिकचा असल्यास अधिक जोर करू नये.

(६) आता झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू करावे व मंद गतीने चालू द्यावे. हे फक्त थंड इंजिनाच्या बाबतीतच करावयाचे आहे. मात्र ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नसून बाटलीवरच दाबाचे झाकण असते, त्यांत बाटलीतून पाणी भरावे व पुढील कृती पुस्तिकेतील सूचनेप्रमाणेच करावी.

(७) दहा ते वीस मिनिटांत थर्मोस्टॅट उघडतो. त्याची खूण म्हणजे रेडिएटरच्या तोंडातील पाण्याची पातळी एकाएकी खाली जाते व पाणी वाहू लागलेले दिसते. त्याच वेळी आत अडकलेली हवा मोठ्या बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते. पातळी उतरेल तसे थोडे थोडे पाणी घालत राहावे. तोंड रेडिएटरवर वाकवून पाहू नये; बाजूने पाहावे.

(८) मधून मधून हलकी रेस देऊन सोडावी. पंपाच्या जोराने कोपऱ्यात बसलेली हवा सुटते. रेस देताना पाणी थोडे वर उसळण्याचा संभव असतो, म्हणून दुसऱ्या माणसाने दूर उभे राहावे. काटा नेहमीच्या जागेच्या वर जाऊ लागल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे, ते पूर्ण निवू द्यावे आणि मग पुन्हा आरंभ करावा.

(९) बुडबुडे येण्याचे थांबले व पातळी स्थिर झाली की रेडिएटर काठोकाठ भरून झाकण नीट बसवावे. बाटलीत खालच्या व वरच्या खुणेच्या मध्यापर्यंत पाणी भरावे आणि तिच्यातील नळीचे टोक पाण्यात बुडालेले आहे याची खात्री करावी.

(१०) गाडी थोडे अंतर चालवून आणावी, रात्रभर निवू द्यावी व सकाळी पातळी पाहावी. ती उतरली असेल तर उरलेली हवा निघाली असे समजून बाटलीत पाणी घालावे. दोन-तीन दिवस सकाळी असे पाहिल्यावर पातळी स्थिर झाली म्हणजे काम पुरे झाले.

विहिरीवरील इंजिनांची गोष्ट

पाण्याने थंड होणाऱ्या कित्येक एका सिलिंडरच्या इंजिनांस रेडिएटर नसतो. पंपाने उचललेल्या पाण्याचाच एक फाटा इंजिनातून फिरवून बाहेर सोडलेला असतो. अशा इंजिनांत पंपाने हवा धरली की दुहेरी संकट येते : पाटाचे पाणी बंद होते आणि त्याच क्षणी इंजिनाचे पाणीही बंद होते. म्हणून पंप सोडून शेताच्या दुसऱ्या टोकास जाणाऱ्याने इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार दुरून दिसेल अशी ठेवावी. धार अखंड असावी व तिचे पाणी हातास जेमतेम सोसवेल इतके ऊन असावे. धार तुटक येत असेल, मध्येच वाफ येत असेल, तर इंजिन बंद करून निवू द्यावे व ओढीच्या नळीचे सांधे, फुटव्हॉल्व्ह आणि फाट्यातील गाळ तपासावा. तापलेल्या कोरड्या इंजिनात एकदम विहिरीचे गार पाणी सोडू नये. धातूस तडा जातो.

काही इंजिने जवळच्या टाकीतील पाण्यावर चालतात. येथे ऊन पाणी हलके होऊन वरच्या नळीने टाकीत जाते व गार पाणी खालच्या नळीने परत येते, पंप नसतो. या योजनेत टाकीतील पाणी वरच्या नळीच्या तोंडाच्या खाली गेले की फिरणे थांबते. वरची नळी इंजिनाकडून टाकीकडे सतत चढती असावी. तिला मध्येच उंचवटा असेल तर तेथे हवा साठते व वाट बंद पडते.

हवा वारंवार येत असल्यास

वरील रीतीने दोन वेळा हवा काढल्यावरही ती पुन्हा येत असेल, तर पाण्याची वाट कोठे तरी उघडी आहे असे समजावे. प्रथम झाकणाची रबरी चकती, बाटलीची नळी, खालच्या नळीचा पट्टा व पंपाची गळती पाहावी. ही सर्व ठीक असूनही थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, पाणी कोठेही न गळता कमी होत असेल, धुराड्यातून पांढरी वाफ येत राहत असेल किंवा इंजिनाचे तेल दुधाळ झाले असेल, तर गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. असे वाहन चालवू नये. हे काम घरी होण्यासारखे नाही. ते कुशल कारागिराकडेच न्यावे. या टप्प्यावर दुरुस्ती केली तर गॅस्केट व हेड यांवर भागते. दुर्लक्ष केल्यास सारे इंजिन बांधण्याची पाळी येते.

काही चुकीच्या समजुती

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती हितावह नाही. थर्मोस्टॅट नसल्यास इंजिन हलक्या कामात योग्य उष्णतेस पोहोचत नाही, डिझेल अधिक जळते व सिलिंडरची झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करीत असतो. तो काढल्यास ती आडवाट कायमची उघडी राहते, पुष्कळसे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते आणि भर कामात इंजिन उलट अधिक तापते. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर तो बदलावा.

झाकण सैल ठेवले की दाब होत नाही व गाडी सुरक्षित राहते, हीही समजूत चुकीची आहे. दाब गेला की पाणी लवकर उकळते, बाहेर जाते व त्याची जागा हवा घेते. झाकण बदलताना त्यावर पूर्वीचाच आकडा असावा.

वाटेत गाडी तापल्यास

काटा लाल खुणेकडे जाऊ लागला की गाडी सुरक्षित जागी बाजूस घ्यावी. वाफ दिसत असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. बोनेट सावकाश उघडावे, पण झाकणास हात लावू नये. रेडिएटरवर किंवा इंजिनावर गार पाणी ओतू नये. तास-दीड तास थांबून, इंजिन पुरते निवल्याची खात्री झाल्यावर, वर सांगितलेल्या दक्षतेने झाकण उघडून थोडे थोडे पाणी घालावे. जवळ कूलंट नसेल तर पिण्याचे स्वच्छ पाणी तात्पुरते चालेल. मात्र घरी पोहोचल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरावे आणि हवा काढावी. असे भरलेले पाणी हवा न काढता तसेच ठेवले, तर दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा ओढवतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

उन्हाळी नांगरट सुरू होण्यापूर्वी गावातील ट्रॅक्टर व वाहनांच्या मालकांना एके सकाळी एकत्र बोलवावे आणि एका थंड इंजिनावर ही सारी कृती प्रत्यक्ष करून दाखवावी. ती गावातील जाणत्या चालकाच्या हातून करवून घेतल्यास इतरांचा विश्वास बसतो. झाकण उघडण्याची दक्षता मात्र प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे करवून घ्यावी, कारण चालकाबरोबर पुष्कळदा घरातील तरुण मुलगाच पाणी घालावयास धावतो. कूलंटच्या विषारीपणाची माहिती घरातील स्त्रियांनाही द्यावी. रिकाम्या बाटल्या बहुधा त्यांच्याच हाती पडतात.

इंजिन हे बैलाप्रमाणे थकल्याची खूण स्वतः होऊन देत नाही. ती आपणास शोधावी लागते. दर सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बाटलीतील पाणी पाहणे, आठवड्यातून एकदा नळ्यांचे पट्टे चाचपणे आणि पाणी बदलताना ते मापून काढणे व मापून भरणे, एवढ्या तीन सवयी लावून घेतल्या तर अडकलेली हवा वेळीच ध्यानात येईल. या साऱ्यास दिवसाकाठी पाच मिनिटेही लागत नाहीत. शेतकरी बंधु-भगिनींनी ही पाच मिनिटे खर्च करून हंगामातील मोलाचे दिवस व इंजिन या दोहोंचे रक्षण करावे.